गाऱ्हाण्यातली चूक

मंगळवार. मतदानाला पाच दिवस.

देवळात गाऱ्हाणं मीच घालतो. मी देवाकडे मागायचं, मागे उभ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. प्रचारवाल्यांनी तेच माझ्याकडून उमेदवारासाठी रेकॉर्ड करून घेतलं. "काका, पुढाऱ्याला लोक नाही म्हणतात. गाऱ्हाण्याला कोण नाही म्हणणार?" असं त्यांचा माणूस म्हणाला, आणि मी हसलो. का हसलो? महिनाभर रिक्षा माझा आवाज गावभर फिरवतेय.

आज शेजारच्या सुलभावहिनी देवळात आल्या. दिनूदादा होडी घेऊन गेलाय, दोन दिवस पत्ता नाही. "भावजी, देवाला सांगा, माझ्या माणसाला परत आण."

नारळ ठेवला, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, तुझं लेकरू दर्यात गेलंय, त्याला..." आणि तोंडातून आलं, "भरघोस मतांनी निवडून आण."

मागून सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" कुणी दचकलंसुद्धा नाही.

मी गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून घातलं, नीट. लोक पुन्हा तितक्याच जोरात "व्हय म्हाराजा" म्हणाले. डोळे उघडले, तर वहिनी केव्हाच पायऱ्या उतरून गेल्या होत्या.