येनीबाय नीरफणस म्हणत नाही

१४ एप्रिल
गौरवीची ती म्हातारी आज पुन्हा कॉम्प्युटरवर आली. येनी तिचे नाव. तिकडे पापुआत, डोंगरात राहते. तिची भाषा बोलणारी चारच माणसे उरली — ती, तिचे दोन भाऊ नि नणंद. माझी नात गौरवी इथे गोव्यात, लाटंबार्सेत बसून त्या भाषेचा शब्दकोश करते. तिथला तरुण मास्तर फोन धरतो, इंग्रजीत सांगतो. मी काजूच्या बिया सुकत घालता घालता ऐकते.

त्यांची मोजणी अंगावर! करंगळीवरून मनगट, कोपर, खांदा, नाकापर्यंत चढायचे, मग दुसऱ्या अंगाने उतरायचे. नि नुसते 'गेला' म्हणून चालत नाही. वर गेला की खाली, नदीकडे की रानाकडे, ते त्या एका शब्दातच यावे लागते. बरे आहे! आमचा परेश, गौरवीचा बाप, 'जाऊन येतो' म्हणतो नि सुटतो.

१६ एप्रिल
नीरफणसाचा फोटो दाखवला. येनीबायने तो नीट पाहिला. मग म्हणाली, "ते मोठे झाड, पानाला बोटे असतात ते." तीनदा तेच.

गौरवीचे सर म्हणाले, बाईची आठवण गेली, तिचे शब्द धरू नका. म्हणजे अर्धा कोश पुसायचा! पोरगी जेवली नाही.

"विसरली गो ती, आजी."

"विसरायला ती तुझा बाप काय? मागे झाड दिसते, तिच्याच परसात!"

१७ एप्रिल
सकाळी पोदेराकडून पाव घेताना डोक्यात आले. माझ्या सासऱ्यांचे नाव वृंदावनातल्या झाडावरून. सुनेने ते नाव घेऊ नये, म्हणून बावन्न वर्षे मी तिला 'अंगणातली' म्हणते. इथेही तसेच लिहिते.

"त्या बाईच्या घोवाचे नाव विचार," म्हटले.

"आजी, कोशात घोव कशाला?"

"विचार म्हणते ना! मास्तराला विचार. तिला नको."

१८ एप्रिल
बरोबर! तिचे भाऊ म्हणाले, मेलेल्या नवऱ्याचे नाव त्या झाडाचेच. पण शाळेच्या वहीत त्याचे नाव पीटर, खरा शब्द मास्तराला येत नाही. भाऊही घेत नाहीत, मेव्हण्याचे नाव त्यांनाही चालत नाही. राहिली नणंद, तिला भावाचे नाव चालते. ती नदीच्या खालच्या अंगाला लेकीकडे, रविवारी होडीने येणार.

सर म्हणतात, नणंदेने शब्द सांगितला तर मानतो, नाहीतर बाई बाद. सून विनिता म्हणाली, "आईंना डिग्री द्या." मी तिसरी नापास. हे कळायला कॉलेज कशाला?

२० एप्रिल
नणंद काल वारली.

गौरवी रडली. मी नाही. पिकले पान, गळायचेच.

"मास्तराला सांगून येनीबायला विचारू? सर तिला विसरभोळी म्हणतात ते सांगू?"

"सांग हवे तर. नाव ती घेणार नाही. मी मेले तरी घेतले नसते."

२३ एप्रिल
घेतले!

सरांचे बोलणे ऐकले नि फोन येनीबायनेच लावायला लावला. नीरफणसाचे पान मांडीवर. ताठ बसली नि तो शब्द म्हणाली. दोनदा. दुसऱ्यांदा मोठ्याने. मग तोंड धुवायला पाणी मागितले.

मी तांब्या घ्यायला उठले. इथून कुठे देणार होते!