आत्याबाई, मला उडणाऱ्यांत घेतलंय

प्रिय आत्याबाई,

आज दुपारी आपल्या बोरीच्या शाळेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा, सगळं. सरपंच बोलले, मुख्याध्यापक बोलले, जिंतूरहून आलेले पाहुणे तर थांबायलाच तयार नव्हते. मी खुर्चीत बसून एकच नाव ऐकायची वाट बघत होते. ते कुणीच घेतलं नाही. म्हणलं, आपली पाळी आली की आपणच घेऊ. उभी राहिले, माईक हातात घेतला, "माझ्या आत्याबाई" एवढं म्हणलं आणि तिथंच अडकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले.

उद्या सकाळी परभणीहून गाडी आहे. माईकवर जे राहून गेलं ते सांगितल्याशिवाय मला निघवत नाही, म्हणून हे लिहायला बसले. तसं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही गेल्यानंतरचं कुठं ठाऊक आहे?

पहिल्यापासूनच सांगते. मी उडणार म्हणून घरात पहिल्यांदा सांगितलं ते आठवतं का तुम्हाला? शाळेच्या सुट्टीत आम्हा खेळाच्या शिक्षकांचं शिबिर होतं, पुण्याकडच्या डोंगरावर. तिथं मी पॅराग्लायडिंग शिकून आले होते. आपल्या सपाट रानात डोंगर कुठून आणायचा? म्हणून पाठीवर इंजिन आणि पंखा बांधून जमिनीवरूनच उडायचं, असं माझ्या डोक्यात शिरलं होतं. मी भीतभीत विषय काढला. यांनी ताटातून मान वर न करता म्हणलं, "माय काय म्हणती ते बघ." हे सुटले!

तुम्ही भाकरी थापत होता. हात थांबला नाही तुमचा.

"उडतानी पळावं लागतंय का?"

"हो. कापडी पंख डोक्यावर उभं राहीपर्यंत जोरात पळायचं."

"मंग साडी घालून कसं पळशील?"

"पँट घालावी लागते, आत्याबाई."

"घाल की मंग. मला कामून इचारायलीस?"

एवढंच. मी रात्रंदिवस मनात उत्तरं तयार केली होती, ती सगळी वाया गेली!

आणि हे कोण म्हणतंय? जी बाई पापड वाळत घालायला गच्चीवर चढायची नाही. जिना अर्धा चढला की डोळे मिटून "मला गरगरायलंय गं" म्हणणारी. परभणीच्या दवाखान्यात लिफ्टमध्ये पाय ठेवला नव्हता तुम्ही, चार मजले भिंतीला धरधरून चढला होता. उंचीची एवढी धास्ती असलेल्या बाईनं सुनेला वर जाऊ दिलं. माझ्या धाडसाच्या गोष्टी लोक सांगतात तेव्हा मला हे आठवतं.

तुरीची काढणी झाली की आपलं खालचं रान मोकळं व्हायचं. धसकटं राहिली तर पंखाच्या दोऱ्या अडकतात, एवढं तुम्ही एकदा ऐकलं आणि सकाळी मी पोचायच्या आत पळायचा पट्टा साफ असायचा. पंख पसरताना टोक धरायला तुम्ही, शेळ्या हाकलायला तुम्ही, बघायला आलेल्या लोकांना बांधाच्या पलीकडं उभं करायलाही तुम्हीच. गावानं त्या यंत्राला "पंखा" नाव दिलं. मी पळायला लागले की तुम्ही पदर खोचून बाजूनं पळायच्या, "पळ! पळ! थांबू नको!" इंजिनाच्या आवाजात मला काय ऐकू येणार? पण वर गेल्यावर खाली बघितलं की एवढीशी हिरवी साडी दिसायची, मान वर करून उभी.

एकदा मी म्हणलं, दोघांना बसता येईल असं यंत्र मागवते, माझ्याबरोबर चला. तुम्ही असा काही चेहरा केला, जसं मी तुम्हाला विहिरीत ढकलतेय! नाहीच आलात. एवढा एक राग आहे माझा तुमच्यावर. आपलं गाव वरून किती देखणं दिसतं, ते तुम्हाला सांगून कधीच पटलं नाही.

मग मी पडले. वर असताना इंजिन बंद पडलं, शेजारच्या उभ्या तुरीत उतरले आणि कोपर मोडलं. संध्याकाळी आबा आले. तुमचे चुलतदीर, भावकीतले मोठे, त्यांच्यापुढं घरात कुणी बोलत नाही. ओसरीवर बसून म्हणाले, "बाईमाणसाला काय गरज हाय याची? लेकराची माय हाय ती. उद्या काय झालं तर अनूनं कुणाकडं बघायचं?"

मी आत हात गळ्यात बांधून ऐकत होते. खरं सांगू? मला त्यांचं पटत होतं.

तुम्ही चहा पुढं ठेवला आणि म्हणालात, "भाऊजी, मागल्या साली तुमी बैलगाडीवरून पडलात. महिनाभर खाटेवर होतात. मंग आमी गाडी मोडून चुलीत घातली का?"

आबा चहा पिऊन निघून गेले. मला वाटलं, आता आत येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवाल. कुठलं काय! दारात उभ्या राहिलात आणि आवाज चढवलात. "विंजन कशानं बंद पडलं?"

"माहीत नाही."

"ते कळल्याबिगर पुन्हा पाय उचलायचा न्हाई. सांगून ठेवते."

आठवडाभर यांनी, आणि एका हातानं मी, इंजिन खोलून बघितलं. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता. तुम्हाला नेऊन दाखवला तेव्हा तो चिमटीत धरून तुम्ही बराच वेळ बघत बसलात. "एवढ्याशानं?" म्हणालात. तेव्हापासून पेट्रोल गाळून घेतल्याशिवाय टाकीत पडलं नाही. उडणाऱ्या मंडळींत आज माझ्या यंत्राला नावं ठेवायला जागा नाही, आत्याबाई. मी मोठेपणा सांगत नाहीये. बरं, सांगते आहे!

पंखा घेऊन उडायच्या एका मोहिमेचं पत्रक आलं तेव्हा तुम्हाला समजावून सांगणं हीच एक मोहीम होती. हिमालयातल्या एका खोऱ्यातून उडायचं, बर्फाच्या डोंगरांमधली उंच खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं. मी म्हणलं, तिथं हवा पातळ असते. पंखाला आधार कमी, इंजिनाला जोर कमी, माणसाला दम कमी.

"पातळ म्हंजे? ताकावानी?"

"लय पाणी घातलेल्या ताकासारखी."

"मंग जास्त प्यावी लागंल की!"

मेधा मॅडम आमच्या मोहिमेच्या प्रमुख. त्यांना हे सांगितलं तर त्या हसून हसून लोटपोट झाल्या आणि म्हणाल्या, माझ्या तासाभराच्या व्याख्यानात हेच होतं.

जास्त हवा प्यायची तर छाती तयार पाहिजे. हरभऱ्याचं पोतं अर्धं करून तुम्हीच माझ्या पाठीवर बांधलंत. पहाटे ते घेऊन मी बोरीच्या रस्त्यानं पळायची, सुट्टीच्या दिवशी जिंतूरकडच्या टेकड्या चढायची. लोक हसायचे. "दत्ताची बायको पोतं घेऊन कुठं पळून जायलीय?" तुम्ही बाजेवरूनच ओरडायच्या, "हिमालयात जायलीय! येतूस का?"

आणि मग तो हिवाळा. कापूस वेचायला गेलेल्या बायकांनी तुम्हाला उचलून आणलं. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. एवढा खणखणीत आवाज, तोच नेमका जावा?

परभणीच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी असतानाच मॅडमचा फोन आला. पहिल्या निवडीत माझं नाव होतं. मी तुमच्या कानाशी सांगितलं. तुम्ही डोळे मिटलेत. वाटलं, पोचलं नसावं. तेवढ्यात नर्स आली आणि तुमचा डावा हात उठला. छताकडं बोट. मग माझ्याकडं. पुन्हा छताकडं. नर्सनं बघितलं, वर पंखा होता. तिनं तो वाढवला. तुम्ही चिडून मान हलवलीत. तिनं बंद केला. तुम्ही आणखीच चिडलात! पुन्हा बोट पंख्याकडं, पुन्हा माझ्याकडं.

तेव्हा मला कळलं. "सिस्टर," मी म्हणलं, "त्या सांगायल्यात, माझी सून उडते."

तुमचा हात खाली आला. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात हसू आलं. आत्याबाई, आजवर मला फेटे बांधले गेले, हार घातले गेले. तसा सत्कार पुन्हा झाला नाही.

त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत.

तुमच्यामागं मी यंत्राला हात लावला नाही. आबा म्हणाले, वर्ष होईपर्यंत काही करू नये. मीही हो म्हणलं. मला तर तेवढंच निमित्त हवं होतं. खालच्या रानात जायचं आणि तिथं तुम्ही नसणार, हे कसं सोसायचं?

शेवटी यांनी काय केलं सांगू? तुमचा हा मुलगा, जो माझं उडणं बघायचं नाही म्हणून मुद्दाम जिंतूरला कामं काढायचा, तो एका सकाळी मला न सांगता रानात गेला. मी पोचले तर पट्टा साफ होता, यंत्र बांधावर उभं होतं आणि पंख पसरलेला होता. उलटा!

मी हसायला लागले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा.

"हसायला काय झालं?"

"उलटा टाकलाय तुमी."

"मंग सांग की कसा टाकायचा. मायला इचारायचं राहून गेलं."

दोघं रानात उभे राहून हसलो आणि मग दोघंही रडलो. त्या दिवशी मी उडाले. खाली ते उभे होते, हातात टोपी घट्ट धरून. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती वरूनसुद्धा दिसत होती. पण हलले नाहीत.

उन्हाळ्यात पहाडात शेवटचं सराव शिबिर झालं. त्यावरच ठरणार होतं, कोण उडणार आणि कोण खालून गाड्यांमधून जाणार. पहिल्या दिवशी पातळ हवेनं डोकं फुटायची वेळ आली. सराव सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा पळाले आणि गुडघ्यावर पडले. दुसऱ्यांदा पंख डोक्यावर आला, इंजिन पूर्ण जोरात होतं, तरी जमीन सोडेना. पळून पळून पाय संपले. मॅडम माझ्याजवळ येऊन बसल्या. "संगीता, उद्या नाही जमलं तर तू गाडीतल्या तुकडीत. वाईट वाटून घेऊ नको, ते कामही महत्त्वाचंच आहे."

दुसऱ्या दिवशी वारा समोरून होता. पंख पसरला, पट्टे आवळले. तुमचा आवाज आला वगैरे मी म्हणणार नाही. तिथं वारा आणि इंजिन यांच्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी पळाले. आपल्याकडं जेवढं पळाल्यावर पाय सुटतात, तिथवर पोचले. पाय जमिनीवरच. आणखी पळाले. छातीत आग झाली, पुढं दगड दिसायला लागले, आणि मी थांबले नाही. कितीतरी वेळ मी हवेतच पळत होते! जमीन कधीच सुटली होती.

खाली नदी दोऱ्यासारखी. बर्फाची शिखरं माझ्या डोळ्यांच्या रेषेत. हातमोज्यांत बोटं बधिर, आणि मी हेल्मेटच्या आत एकटीच ओरडत होते, "बोरी! बोरी!" वेडीच की नाही?

मला उडणाऱ्या तुकडीत घेतलं, आत्याबाई. आमच्यात डोंगरात जन्मलेले आहेत, सैन्यातून आलेले आहेत. काळ्या मातीत शिकलेली मी एकटी. कुणी विचारलं, शिकलीस कुठं, तर मी ताठ मानेनं सांगते, सासरी.

आज सत्काराला आबा पहिल्या रांगेत होते बरं का. येईल त्याला सांगत होते, "आमची सून हाय. आमी पहिल्यापासून म्हणत होतो, उड म्हणून." तुम्ही असता तर त्यांना काय ऐकवलं असतंत! मी वाकून पाया पडले. अनू तर दुपारपासून माझा फेटा घालूनच हिंडतेय.

आता शेवटचं. भाषणात सगळे एकच म्हणाले. खिंड जिंकून ये, गावाचं नाव करून ये, माघार घेऊ नको. मी मान डोलावली. पण शब्द दिला नाही कुणाला. तो तुम्हाला देते.

मी जीव तोडून प्रयत्न करीन. पण खिंडीत ढग उतरले, वारा फिरला, इंजिनाचा आवाज जरा जरी वेगळा लागला, तर मी वळेन. बाकीचे पुढं गेले तरी वळेन. आणि गाडीनं परभणीला येऊन, एसटीनं बोरीच्या थांब्यावर उतरून, गावातून मधोमध चालत, मान वर ठेवून घरी येईन. जिंकून आले तर तशीच, नाही जिंकले तरी तशीच.

तुमची सून,
संगीता