लाल गाडीची किल्ली

३ मार्च, रविवार

परत आलो! गाडी फाटकाबाहेर ठेवायला लावली. पॉलकाकांचा हुकूम — कॉलनीत सगळं सगळ्यांचं, स्वतःची गाडी चालत नाही; आणि कारभारी ते, त्यांच्यापुढे कोण बोलणार? लाल आहे, उंच चाकांची. तेलविहिरीवर हातपाय गोठवून कमावलेली. फाटकाबाहेर एकटीच उभी आहे, बर्फात.

आईने आधी माझे कान तपासले, थंडीने गेले का म्हणून. मग रडली. धाकटी बहीण जस्टिना म्हणाली, "आलास? बरं झालं. हंसांची पिसं उपटायला माणूस कमीच होतं."

जेवणघरात सगळी कॉलनी एकत्र, वयाप्रमाणे बसते. मला मात्र पोरांच्या टेबलावर बसवलं. पळून गेलेला परत आला की त्याची जागा ही. टेबलाखाली माझे गुडघे मावत नाहीत.

शेवयांचं सूप होतं. तीन वाट्या प्यालो.

५ मार्च

एलायसकाकांकडे गेलो. ते आमचे पाळक. म्हटलं, बाप्तिस्मा हवाय, ईस्टरआधीच्या याच झावळ्यांच्या रविवारी. आमच्यात तो मोठेपणी, स्वतः मागून घ्यायचा असतो. त्यांनी सूर्यफुलाच्या बिया पुढे केल्या. दोघं नुसते सोलत बसलो. मग त्यांनी विचारलं, का हवाय?

उत्तर पाठ करून नेलं होतं. विसरलो! तोंडाला येईल ते बोललो. पगाराच्या दिवशी सगळे माझे दोस्त असतात, खिसा रिकामा झाला की कुणी फिरकत नाही. फोरमन एकदा शाबास म्हणाला, त्या एका शब्दावर आठवडाभर जगलो, आणि मग पुढच्या शाबासकीची वाट बघत बसलो. येशूमागे चालणाऱ्याला असं जगावं लागत नसेल, असं वाटलं.

ते हसले. म्हणाले, "मग आधी गाडीचं बघ. इथे माझं म्हणायला हा चष्मासुद्धा माझा नाही."

चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. घरी येईपर्यंत तेच डोक्यात — कुठला दोरा असेल?

९ मार्च

डोंगराकडून गरम वारा सुटला. सकाळी बर्फ, दुपारी चिखल. गाडीची काच पुसून येतो म्हणून गेलो आणि आत बसून रेडिओ ऐकत राहिलो. जेवणाची घंटा ऐकूच आली नाही. पॉलकाका दारातच — "घंटा काय गाईंसाठी वाजते?" पोरं खिदळली.

१७ मार्च, रविवार

बाप्तिस्मा घेणाऱ्यांनी रविवारी दुपारी थोरांच्या घरोघरी जाऊन उपदेश ऐकायचा. आज सॅम्युएलकाका. येशूकडे आलेल्या श्रीमंत तरुणाची गोष्ट सांगता सांगता त्यांना झोप लागली. आम्ही उठायचं की नाही? बसून राहिलो.

आहे ते सगळं विकून ये म्हटल्यावर तो तरुण खिन्न होऊन निघून गेला, एवढंच सांगतात. पुढे काय झालं त्याचं? कधी परत आला असेल का? आलाच, तर कुठल्या टेबलावर बसवलं असेल?

२२ मार्च

विकली. कोडीने घेतली — माझ्याच विहिरीवरचा. म्हणाला, "वेडा आहेस लेका. पण वेडेपणात मला स्वस्त पडलास." वळणावर ब्रेकचा लाल दिवा लागला, मग दिसेनाशी झाली.

पैसे पाकिटात आहेत. उद्या पॉलकाकांना देणार. कसे द्यायचे, तेही ठरलंय.

२३ मार्च

काय करून बसलो!

जेवणाआधीची प्रार्थना झाली आणि मी उभा राहिलो. जेवताना इथे कुणी बोलत नाही, ठाऊक होतं. तरी बोललो. ही माझी गाडी, हे तिचे पैसे, सगळं प्रभूला वाहिलं — पाकीट वर धरलं. वाटलं, बायकांच्या बाजूला एखादी तरी डोळे पुसेल. कुणीतरी खोकलं. चमचे वाजायला लागले. पॉलकाकांनी पाकीट घेतलं आणि म्हणाले, "बस. सूप निवतंय."

दुपारी एलायसकाकांनी बोलावलं. बिया नाहीत आज.

"गाडी दिलीस, पैसे दिलेस. कौतुक तेवढं स्वतःकडे ठेवायला निघालास," म्हणाले. "यंदा नको. वर्षभर थांब. साधं वागून दाखव — दाखव नव्हे, नुसतं वाग. वेळेवर ये, दिलेलं काम कर. पॉलचं मत मी विचारणार आहे पुढच्या वर्षी."

पॉलकाकांचं! म्हणजे झालंच.

२४ मार्च

 आईने उशी नवी पिसं भरून ठेवली होती माझी.

१ एप्रिल

गाडी नाही, नोकरी नाही, बाप्तिस्मा नाही. मग इथे कशासाठी आहे मी?

हंसांची पिल्लं निघाली. एक माझ्या बुटालाच आई समजतंय. दुपारभर पाय हलवला नाही.

६ एप्रिल

गोठ्यातल्या फोनवर कोडी. विहिरीवर जागा रिकामी आहे. गाडीसुद्धा परत देतो म्हणतो, हप्त्याने. सगळे आठवण काढतात म्हणे. विचार करतो म्हटलं. नाही म्हणालो नाही.

१४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

सकाळी सगळे प्रार्थनेला गेले. मी पिल्लांचं दार लावायला मागे राहिलो, तेवढ्यात फाटकाशी हॉर्न. कोडी. गाडी धुऊन आणली होती. किल्ली माझ्या हातात ठेवली — त्याच्या खिशातली, गरम. "चल. सगळे आत आहेत, कुणाला कळणारही नाही."

स्टिअरिंगसमोर जाऊन बसलो. बराच वेळ बसलो. मग उतरलो, किल्ली त्याला परत दिली. डाव्या पुढच्या चाकातली हवा थंडीत उतरते, तेवढं सांगितलं.

आत गेलो तेव्हा गाणं संपलेलं. पोरांच्या बाकावर बसलो. बाहेर पडल्यावर पॉलकाकांनी सगळ्यांसमोर झापलं — आजच्या दिवशीसुद्धा उशीर! कुठे होतास?

पिल्लांचं दार लावत होतो, म्हणालो. बाकीचं सांगितलं नाही.