दिपालीला आधी सांगायचं ते

मी, आनंदराज निवृत्ती सोनकांबळे, वय ७१, निवृत्त कोर्ट शिपाई, रा. उदगीर, जि. लातूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकायला घरात कोणी उरलेलंही नाही.

१. दोन खोल्यांचं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. मागची खोली मुलगा प्रेम यास. पुढची त्याला मोबाइलच्या दुकानासाठी भाड्याने द्यायची आहे, ती त्याला मिळणार नाही. तिथे वस्तीतल्या अकरावी-बारावीच्या मुलांचा वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा वर्ग चालतो. ती खोली वर्गासाठी ॲड. पुनम वाघमारे हिच्या नावे करावी. या वर्गातून वकील झालेली ती पहिली. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. एकतीस वर्षं मी कोर्टाच्या दारात नावं पुकारली. आमच्या वस्तीतलं माणूस आत यायचं ते आरोपी म्हणून, नाहीतर साक्षीदार म्हणून. म्हणून निवृत्तीनंतर मी हा वर्ग काढला आणि पोरांना नेऊन कोर्टात शेवटच्या बाकावर बसवू लागलो. मुख्याध्यापक गुरुलिंग सर म्हणाले, "आयटीआयला धाडा की यांना. वकिली कशाला लागून राहिली?" सरांना आमच्या तिघा वकिलांची व्हिजिटिंग कार्डं पोहोचवावीत. त्यांच्याकडे चहा घेऊ नये.

३. बँकेतली ठेव दिपालीला. ती रेणापूरहून आमच्या वस्तीत आलेल्या वीटभट्टी मजुराची मुलगी, याच वर्गातली. २०२३ साली तिला लॉ कॉलेजात राखीव जागा मिळाली. जात वैधतेचा अर्ज आधीच करायचा का, असं तिने विचारलं होतं. मी म्हणालो, जातीचा दाखला आहे, तेवढ्यावर भागतं. माझ्या नोकरीला भागलं होतं. ती म्हणाली, "काका, तुमी कोर्टातले. तुमाला न्हाई कळणार तर कुणाला?" अर्जाला उशीर झाला आणि जागा गेली. दोन महिन्यांत तिचं लग्न इस्लापूरला लावून दिलं. ती पुन्हा शिकली नाही तरी ठेव तिचीच.

४. कपाटात दिपालीचं वैधता प्रमाणपत्र आहे. अर्जावर पत्ता माझा होता, म्हणून ते माझ्याकडे आलं. मुदत संपल्यावर आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मुदत वाढली होती आणि ते आलं तेव्हा चार दिवस शिल्लक होते. मी लाजेने कॉलेजात विचारायलाही गेलो नाही. मुदत वाढल्याचं आठवड्याने कळलं, तेव्हापासून गप्प आहे. पुनमने स्वतः इस्लापूरला जावं. हे आधी सांगावं, मग प्रमाणपत्र हातात द्यावं. दिपाली मला काही बोलली तर तिला थांबवू नये.

ठिकाण : उदगीर
दिनांक : ९ ऑक्टोबर २०२५
सही : आनंदराज निवृत्ती सोनकांबळे

साक्षीदार :
१. विरूपाक्ष शिवलिंग बिरादार
२. महानंदा व्यंकटराव सूर्यवंशी

दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या व माझी सही पाहिली. मजकूर त्यांनी वाचलेला नाही. मीच वाचू दिला नाही.