उतरताना न दिसणारे बाण

अण्णा, आज तुमच्यावर इतका संताप आलाय की समोर असता तर कडाकडा भांडले असते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून त्या एका दुपारवर अडकलेय.

महाडच्या डेपोसमोर तुमचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. पोलादपूरच्या वरच्या डोंगरावर चढणाऱ्यांसाठी खडकांवर बाण काढायचं काम एका गिर्यारोहण मंडळानं तुम्हाला दिलं, आणि माझी सातवीची सुट्टी होती म्हणून ऑइलपेंटचा डबा धरायला तुम्ही मला नेलंत. तुम्ही पुढे, मी मागे. काय हात चालतो तुमचा! एका फटक्यात दांडा, दोन फटक्यांत टोक. माथ्यावरच्या वाडीत पाणी प्यायला बसलो तेव्हा मी मागे वळून बघितलं आणि म्हटलं, "अण्णा, वरनं एकपण बाण दिसत नाय. उतरणारा माणूस चुकेल ना!" वाडीतली सगळी माणसं समोर बसलेली. त्यांच्यादेखत तुम्ही काडकन कानाखाली वाजवलीत. "तू शिकवणार काय गो मला? खाली तर जायचंय, त्यात काय चुकायचंय?"

आणि मग आपणच चुकलो! भलत्याच घळीत शिरलो. वाडीतली म्हातारी वरून ओरडतेय, "ओ पेंटर, तिकडं कडा हाय! मागं फिरा, मागं!" बिचारी शेळ्या सोडून आली आणि आपल्याला वाटेला लावून गेली. घरी आल्यावर आईला काय सांगितलंत? "पोरगी रेंगाळली, म्हणून उशीर झाला." इतकं धादांत खोटं! माझा गाल अजून तापलेला, आणि तुम्ही निवांत आमटीत भाकरी कुस्करताय. चूक कबूल करायला तुमच्याकडे पुढं चार वर्षं होती, अण्णा. एक शब्द काढला नाहीत.

आता माझं ऐका. पुण्यातल्या दोन मुलांनी डोंगरात भटकणाऱ्यांसाठी सॅक आणि दोर ठेवायच्या पिशव्या बनवायची कंपनी काढलीय. सगळं सुती कापडाचं, रंग कमीत कमी, डोंगरावर कचरा नाही की खूण नाही. लोगो, अक्षरं, रंग, लेबलं, सगळं ठरवायचं काम माझ्याकडे आलं. नोकरी सोडल्यानंतरचं माझं पहिलं मोठं काम. मी आधी पान काढलं, मग पाऊल, मग डोंगरामागचा सूर्य. "हे तर साबणावरपण असतं," ते म्हणाले, आणि खरंच होतं ते. शेवटी मला डोंगर दाखवायला घेऊन गेले, तो नेमका तोच. तुमचे बाण फिके पडलेत, पण जागचे हललेले नाहीत. "कुणी केलीय ही घाण?" त्यांच्यातला एक चिडून म्हणाला. मी पुढे चालू लागले. उतरताना दर वळणावर थांबून वाट शोधावी लागत होती, आणि प्रत्येक वळणावर मला तुमची ती थप्पड आठवत होती.

घरी येऊन रागारागातच कागद ओढला. सॅक कुणी उलटी टांगतो, कुणी आडवी टाकतो. चढणारा ती खालून बघतो, उतरणारा वरून. म्हणजे सॅक कशीही धरली तरी तिच्यावरची खूण तीच दिसायला हवी. दोन वळणं काढली, एकाच रंगात, वरून-खालून अगदी सारखी. आज सकाळी त्यांना दाखवली आणि बघताक्षणी पसंत पडली. "मॅडम, हे सुचलं कसं?" एकानं विचारलं.

ते बाण माझ्या वडिलांनी काढलेत आणि रंगाचा डबा मी धरला होता, एवढंच तर सांगायचं होतं. मी काय म्हणाले माहितेय? "वर कुणा अडाणी पेंटरनं बाण काढलेत ना, त्याची चूक बघून सुचलं." ते दोघं हसले. मीही हसले, चांगली खळखळून.

हे कुणी वाचणार नाही, म्हणून तर लिहितेय. त्या थपडेचा राग आहेच, तो मी सोडणार नाही. पण त्या मुलांचा नंबर माझ्याकडे आहे, फोन हाताशी आहे, आणि मी तो करणार नाही हे मला आत्ताच ठाऊक आहे, अण्णा.