चटणी कुणाच्या हातची

युसूफ वडगाव,
२४ जानेवारी २०२५

चि. अंगद यास दादाचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. थंडी इकडं लई आहे, पालीला धरणाच्या वाऱ्यानं आणखी असेल. स्वेटर अंगात घालत जा, उशाला ठेवायला दिलेला नाही. हे पत्र सायली मॅडमच्या समोर बसूनच वाच. मीच त्यांना तसं फोनवर सांगितलंय. तू दोन दिवस जेवला नाहीस असं त्या म्हणाल्या. तुमच्या व्यसनमुक्ती केंद्रात सुरुवातीचे महिने फोन देत नाहीत, म्हणून हा कागद. नाहीतर मी काही लिहिणारा माणूस नव्हे.

चटणीचं तू विचारलंस. सांगतो. आधी इकडचं ऐक.

परवाच्या बाजाराला आपला तपासणीचा मांडव जोरात भरला. तुला आठवत असेल, पहिल्या वेळी ‘मानसिक आजार तपासणी’ असा बोर्ड लावला तर कुत्रं फिरकलं नव्हतं. मग मी तो काढून ‘बीपी-शुगर’ लावला अन् डोक्याच्या डॉक्टरला चहाच्या टेबलामागं बसवलं. लग्नात भोंगे बांधून वर आलेल्या माणसाला एवढं कळतं, की लोक कुठं लाजतात. आता डॉक्टर, अपंगांच्या दाखल्याचे लोक अन् दारू सोडणाऱ्यांची बैठक, तिन्ही एकाच मांडवात. बाईला नवऱ्यासाठी केजला, पोरीसाठी बीडला अन् स्वतःसाठी कुठंच नाही, असं पळावं लागू नये, एवढीच आपली अक्कल. या वेळी कडूबाई आली अन् म्हणाली, “सुंदरराव, माझं बीपी बघा, अन् जमलं तर मला सारखं रडू कावून येतंय तेबी बघा.” सगळा मांडव हसला. तीही हसली. मग डॉक्टरपाशी बसून पोटभर रडली.

ऊसतोडीमुळं गाव रिकामं आहे. फडावर गेलेल्यांच्या गोळ्या मुकादमाजवळ दिल्यात, अन् मी फोन करत असतो. “घेतो ना दादा, रोज घेतो,” म्हणतात. पण माझे कान तुला माहीत आहेत. कुणाची जीभ जड झालीय ते मला ‘हॅलो’तच कळतं. तुझं तर नुसत्या श्वासावरून कळायचं.

आपल्या मधल्याचा, म्हाळूचा अपंगाचा दाखला अखेर आला. डोक्यावरचे केस पिकले, पण अंगातलं पोर काही मोठं झालं नाही. फोटोत दात काढून हसतोय. दिवसभर दाखला छातीशी धरून गल्लीत फिरला, येईल त्याला दाखवला. मग मला विचारलं, “दादा, आईला कवा दाखवायचा?” मी पाण्याची मोटार बंद करतो म्हणून बाहेर गेलो. मोटार चालू नव्हतीच.

आता चटणी.

शेंगदाणे म्हाळूनं कुटले. आईजवळ बसून तो वर्षानुवर्षं उखळात मुसळ घालत आला, कुटणं त्याला येतं. लसूण तुझ्या वहिनीनं अंदाजानं घातला. आई मूठ भरून घालायची, तिची मूठ केवढी ते कुणी बघून ठेवलं नाही. तू लिहिलंस, ‘ही आईच्या हातची न्हाई, ती बरी हाय ना, खरं सांग.’ बरोबर ओळखलंस. आई गेली, अंगद. संक्रांतीच्या आधी. छाती भरली होती. अंबाजोगाईला नेलं, डॉक्टरांनी त्यांच्या परीनं केलं, मग घरी न्या म्हणाले. घरी दोन दिवस होती.

इथंच थांबावं असं मनात आलं होतं. पण तू खरं सांग म्हणालास, अन् हे अर्धंच झालं.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, “अंगदला बोलाव.” मोठ्यानं नाही. ओठ हलले तेवढाच आवाज. खोलीत तुझी वहिनी होती, तिला ऐकू गेलं नाही. तिनं विचारलं, “काय म्हणल्या आत्याबाई?” मी म्हणालो, “पाणी मागतीय.” अन् चमच्यानं पाणी पाजलं. तिनं ते पिलं, माझ्याकडं बघत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. मी म्हणालो, “निघालाय, आई. पालीहून गाडीत बसलाय.” मग रस्त्यावर मोटारसायकल वाजली की ती मान वळवायची. तुझी गाडी मांडवाच्या सामानात ताडपत्रीखाली उभी होती. शेवटची मानही तिनं तशीच वळवली, अन् ती गाडी दुधवाल्याची होती.

कावून आणलं नाही, ते तुला ठाऊक आहे. भागवतला बापाच्या दहाव्यासाठी मीच केंद्रातून बाहेर काढलं होतं. “दुःख मोठं हाय रे, एवढा घोट घे,” म्हणत भावकीनंच त्याच्या हातात ग्लास दिला. तो परत केंद्रात गेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याच दहाव्याचा मांडव मी घातला. तेव्हापासून घरोघर बजावत आलो, की घरात मयत झाली तरी माणूस केंद्रातून मधेच काढायचा नाही. बाया पदरानं डोळे पुसत ‘बरं’ म्हणायच्या. मला वाटायचं, पटलं त्यांना.

खांद्याला तरणी माणसं नव्हती, सगळी फडावर. पुढं मी अन् म्हाळू, मागं आपल्या बैठकीतले सुग्रीव अन् बबनराव. बबनरावचे हात अजून कापतात. वाटेत मला म्हणाला, “सुंदरराव, पिऊन लई मयती केल्या, शुद्धीत ही पहिलीच. लई जड असतंय हो माणूस.”

आईला अग्नी धाकट्यानं द्यायचा. स्मशानात कुणीतरी विचारलंच, “धाकटं कुठाय?” म्हाळू म्हणाला, “अंगद शाळंत गेलाय. पास झाला की येतोय.” कुणी हसलं नाही. मडकं त्यानं धरलं, मी त्याचा हात धरला.

दहाव्याला थोड्या अस्थी सोडल्या. थोड्या फडक्यात बांधून दारच्या लिंबाच्या फांदीला लावून ठेवल्यात. त्या तुझ्या. म्हाळू रोज खाली बसतो. शेंगदाणे तिथंच कुटतो.

दोन तारखेच्या रविवारी सकाळी मी जीप घेऊन केंद्राच्या फाटकाबाहेर उभा राहीन. मॅडमशी बोललोय, त्या अडवणार नाहीत. बाहेर आलास तर घरी आणीन, अस्थी सोडू, रात्री तुझ्याशेजारी झोपेन अन् सकाळी परत पोचवीन. आत राहून पुरं करतो म्हणालास, तर ते फडकं तुझी वाट बघेल, मी थोडा वेळ उभा राहून माघारी येईन. यातलं कोणतं बरोबर, ते मला कळत नाही. इतक्या घरांच्या ओसरीवर बसून ठामपणे सांगत आलो, अंगद, अन् मला कळत नाही.

माझ्यावर लई राग येईल. यावाच. फाटकाशी येऊन चारचौघांत माझी गचांडी धर, शिव्या दे, मी हलणार नाही. फक्त तो राग दुसरीकडं कुठं नेऊन बुडवू नको.

दर पत्राच्या शेवटी मी ‘आईचे आशीर्वाद’ लिहायचो. चटणीबरोबरच्या चिठ्ठीतही लिहिलं. तेव्हा ती नव्हती. आज खोटं लिहवत नाही. आज माझ्या एकट्याचेच आहेत, पुरवून घे.

तुझा,
सुंदरदादा