भावकीचं रगत

चिरंजीव आसारामास, नगरच्या दवाखान्यातून आईचा आशीर्वाद.

तुला पोरगा झालाय. तुझ्यावानीच मोठ्या तोंडाचा हाय, सारा दवाखाना उठवतो. मी बी बरी हाय. सरू जेवती का? तिला तिच्या आईचं काय सांगू नको.

तुझ्या लंकाबाईचं बरं न्हाई. बाळंतपणात लई रगत गेलं. डाक्तर म्हनला, दुसऱ्याचं घालावं लागंल, पन ते तिच्याशी जुळाया पायजे. तिच्या माहेरी तर कुनी उरलं न्हाई.

तू गाडीभर भावकी धाडलीस. आपल्या कुळाचं रगत एकच, म्हनं. अरे शहाण्या, लगीन लागलं म्हनून सुनेचं रगत बदलतंय व्हय? डाक्तरनं काचेवर एकेकाचा थेंब तिच्या रगतात मिसळून बघितला. नासक्या दुधावानी गुठळ्या झाल्या. तुझा चुलता तर सुई बघूनच पळाला.

मग मी हात पुढं केला. माझं जुळलं. जिच्याशी चुलीपुढं माझं एक दिस पटलं न्हाई, तिच्याशी.

बाटली अर्धी भरली अन् डाक्तरनं सुई काढली. म्हनला, "आजी, तुमच्यातच उरलं न्हाई." मी लई भांडले. ऐकंना.

तेवढ्यानं काय झालं न्हाई. तिचे ओठ पांढरेच हायेत.

सकाळपासून डाक्तर रगताचं नाव काढत न्हाई. तिच्या मालकाला बोलवा म्हनतोय.

ज्वारी राहू दे रानात. ही चिठ्ठी आननाऱ्या मोटारीतच बस.

तुझी आई